टाचणीताई आणि समोरची खुर्ची

टाचणीताईंचं खरं नाव थिएटरात कुणाला ठाऊक नव्हतं. ओठांत सदानकदा टाचण्यांची रांग धरलेली, म्हणून त्या टाचणीताई. कपडेपट त्यांच्याकडे. म्हणजे नाटकातला राजा असो की चोर, त्याला नीट कपडे चढवून वेळेवर रंगमंचावर ढकलायचं काम त्यांचं. टाचण्या न काढताच त्या बोलत. नवख्या नटाला वाटे, बाई आपल्यावर रागावल्यात. जुन्यांना कळे, बाई फक्त ‘पोट आत घे’ म्हणतायत.

आणि पोटं हा तर त्यांचा हातखंडा. सावकाराची ढेरी, म्हाताऱ्याचं पोक, गरोदर नायिकेचा सातवा महिना, सगळं त्यांच्या सुईतून निघालेलं. “नुसता कापूस भरला तर नट दिसतो लठ्ठ आणि चालतो हडकुळ्यासारखा,” त्या म्हणत. “आत वजन हवं. वजन असलं की चाल आपोआप येते.” म्हणून प्रत्येक पोटाच्या आत, कापसाच्या मधोमध, मोहरीची एक घट्ट पुरचुंडी शिवलेली असे. ही पोटं धुवायची नसतात. प्रयोग संपला की खुंटीवर टांगायची, वारा लागू द्यायचा. थिएटरात कित्येक गोष्टी धुवत नाहीत, हे प्रेक्षकांना न कळलेलंच बरं.

पण त्यांचं खरं राज्य होतं डाव्या विंगेत, एका बुटक्या स्टुलावर. तिथं एका जुन्या, गाजलेल्या नाटकात रोज चमत्कार व्हायचा. राणी डावीकडून आत जायची, दिवे मंदावायचे, लांबून घंटेचा आवाज यायचा, आणि प्रेक्षक जेमतेम खोकून घेतायत तेवढ्यात तीच राणी भिकारीण होऊन परत यायची. राणीचं काम बाईसाहेबांचं. मंडळींतल्या सगळ्यात ज्येष्ठ नटी, उंच्यापुऱ्या, आवाज असा की कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेतला माणूस सावरून बसेल. टाचणीताई ठेंगण्या. म्हणून विंगेत शिरल्या शिरल्या बाईसाहेब धप्पकन गुडघे टेकायच्या, टाचणीताई दोन्ही हातांनी राणीचा झगा डोक्यावरून वर ओढून काढायच्या आणि भिकारणीचा वरून खाली सोडायच्या. अंधारात, एक शब्द न बोलता. हात आणि गुडघे यांचा तो जमलेला डाव होता.

मग टाचणीताईंना कॅन्सर झाला.

त्याचं पुराण त्यांना स्वतःलाच आवडत नसे, तेव्हा आपणही थोडक्यात आटपू. अंघोळीच्या वेळी गाठ हाताला लागली. तपासण्या झाल्या. उजवा स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढं किमो. तोंड इतकं आलं की टाचणी सोडा, पाण्याचा घोटसुद्धा बोचायचा. टाचण्या बंद झाल्या आणि घरातल्यांना पहिल्यांदाच कळलं की ही बाई केवढी बोलते!

“संसार निम्मा झाल्यावर आवाज ऐकला तुझा,” नवरा म्हणाला. “गोड आहे, पण थांबत नाही.”

नवऱ्याला सगळे किल्लीवाले म्हणत. चौकात किल्ल्या करून द्यायचं त्यांचं टपरीएवढं दुकान. जगातलं कुठलंही कुलूप उघडतील, पण लोणच्याची बरणी बायकोकडे आणून देत. केस गेले तेव्हा बाईसाहेबांनी कपडेपटातली टोपांची अख्खी ट्रंक घरी पाठवून दिली. त्यातला न्यायाधीशाचा पांढरा टोप घालून टाचणीताई दार उघडायला गेल्या आणि दारातला वीजमीटरवाला “उद्या येतो” म्हणून जो गेला तो गेलाच. त्या दिवशी नवराबायको पोट धरून हसली. हसताना टाक्यांची जागा ओढली गेली, म्हणून ताई एक हात छातीवर दाबून धरून हसत होत्या.

एकच तक्रार त्यांनी हॉस्पिटलात जाहीरपणे केली, ती तिथल्या गाऊनची. “मागून सताड उघडा, पुढून बंद! हा शिवणाऱ्याला पाठ नव्हती काय हो?” गाऊन चढवणाऱ्या नर्सबाई हसायच्या, “ताई, हात पुढे करा नुसते,” म्हणायच्या आणि पडल्या पडल्या तो अंगात सरकवून मोकळ्या व्हायच्या.

अखेर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून मान डोलवली. उपचार पूर्ण झाले, आता ठरल्याप्रमाणे तपासणीला येत राहायचं. उजव्या हाताला जपायचं, सुई टोचू द्यायची नाही, सूज आली तर लगेच दाखवायचं, आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करायचा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नातेवाइकांच्या लेखी नाटक संपलं होतं, मंडळी टाळ्या वाजवून घरी गेली होती.

ताईंचं मात्र नेमकं तिथंच अडलं. आजारपणात धीट असलेली बाई बरी झाल्यावर घराबाहेर पडेना. भाजी किल्लीवाले आणत. बेल वाजली की ताई पदर पुढे ओढून आतल्या खोलीत जात. मदतीला आलेली नणंद तर अजूनही घरात कुणी झोपलंय अशा आवाजात बोलायची.

“वहिनी, तुम्ही आता काहीएक करायचं नाही. नुसतं बसायचं.”

“बसून काय करू?”

“काही नाही. तेच तर सांगतेय.”

छातीच्या रिकाम्या बाजूला लावायचं तयार पॅड दुकानात मिळत होतं. पण जिनं जन्मभर लोकांना पोटं शिवून दिली ती असली वस्तू विकत घेईल होय? ताईंनी स्वतःचं पॅड स्वतः शिवलं, बोटाला अंगुस्ताना चढवून, जपून. आधी नुसता कापूस भरला. आरशात झकास दिसलं. पण केर काढायला वाकल्या की ते हलकं पाखरू गळ्याशी येऊन बसे. मग ताईंनी कपाळावर हात मारला आणि आपलाच सिद्धांत आठवून आत मोहरीची पुरचुंडी शिवली. आता कसं, खांदा सरळ, चाल सरळ. एक अंगावर, एक धुण्यात, अशी दोन केली.

आणि इथंच त्यांची चूक झाली. अशी चूक नाटकवालीच करू जाणे. नाटकातली पोटं धुवत नाहीत, हे वर सांगितलंच आहे. ताईंनी आपलं पॅड धुतलं. बरं, धुतलं ते धुतलं, वाळत कुठं घालायचं? बाहेर गॅलरीत समोरच्यांना दिसेल. म्हणून त्यांनी ते न्हाणीघरात, बादलीमागच्या खिळ्यावर, वर टॉवेल टाकून लपवून ठेवलं. ऊन नाही, वारा नाही. दिवसा अंगावर, मग पाण्यात, मग पुन्हा त्या दमट कोपऱ्यात, असं चाललं होतं.

एके सकाळी किल्लीवाले दाढीचं सामान शोधत असताना न्हाणीघरातून त्यांची हाक आली.

“अगं, जरा इकडे ये!”

“काय झालं?”

“घाबरू नकोस. पण तुझ्या त्या पिशवीला… पालवी फुटलीय.”

ताई धावत गेल्या. टॉवेल बाजूला. शिवणीच्या फटींतून हिरवे, नाजूक कोंब माना काढून बघत होते, जणू पडद्याआडून किती प्रेक्षक आलेत ते पाहणारी बालमंडळी. ताईंचा चेहरा लाजेनं लालबुंद झाला. त्यांनी ते ओढून घेतलं, पदराआड लपवलं, आणि त्या रडणार इतक्यात किल्लीवाले गंभीरपणे म्हणाले, “मीठ-लिंबू आणू का? कोवळी आहे अजून.”

झालं. ताई मटकन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता परत हसल्या. स्वयंपाकघरातून नणंद उलथनं घेऊन धावत आली.

“काय झालं वहिनींना? दादा, डॉक्टरला फोन लाव!”

“डॉक्टरला नको,” किल्लीवाले म्हणाले. “माळ्याला लाव.”

हसू ओसरल्यावर त्यांनी ताईंच्या हातातलं ते पॅड घेतलं, मोहरी काढून टाकली, खोळ धुतली, आणि बायकोनं “अहो, नको, अहो, लोक बघतील” म्हणेपर्यंत गॅलरीत जाऊन आपल्या दोन पायजम्यांच्या मधोमध वाळत घातली. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी पाहिलं. पाहिलं, आणि आपल्या चादरीला चिमटे लावत राहिल्या. बस्. जगबुडी झाली नाही. ताई दाराआडून बराच वेळ बघत होत्या, तरी झाली नाही.

त्याच आठवड्यात बाईसाहेबांचा फोन आला. राणीचं नाटक पुन्हा उभं राहणार होतं. “टाचणी, तू आहेस म्हणून मी होकार दिलाय,” त्या म्हणाल्या. “ये. डावी विंग ओस पडलीय.”

फोन ठेवून ताई दाराआडच्या भिंतीकडे गेल्या. तिथं व्यायामाच्या पेन्सिलखुणा होत्या. बोटं भिंतीवरून वर चढवत जायची आणि पोचतील तिथं खूण करायची. खुणा खांद्याच्या थोड्या वर येऊन थांबल्या होत्या. पुढं हात जायचाच नाही, ओढ बसायची. ताई तिथं उभ्या राहिल्या. डोक्यावरून झगा ओढायला हात डोक्यावर जायला नको?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पॅडमध्ये मोहरीऐवजी काय भरावं हा प्रश्न घेऊन त्या कपडेपटात गेल्या, निदान नणंदेला तरी तसंच सांगून. कुलूप उघडताच तो ओळखीचा वास आला, जुनी जरी, पावडर, घाम, इस्त्री. खुंटीवरच्या सावकाराच्या ढेरीला त्यांनी सहज एक थाप मारली. एका फाटलेल्या राजवस्त्राच्या काठाला काचेचे मणी होते. ताईंनी मूठभर उसवले, तळहातावर तोलले. मोहरीपेक्षा जड, धुता येतील, आणि शपथेवर उगवणार नाहीत.

मॅनेजर तिथंच भेटले. भला माणूस. घाबरट आणि भला. टाचणीताईंना बघून त्यांना काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी भराभर सगळं एकदम सांगून टाकलं.

“ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं. तुम्ही अजिबात दगदग करायची नाही. तो विंगेतला कपडेबदल आपण काढूनच टाकतोय. राणी आत गेली की मधला पडदा पाडायचा, मध्यंतर. बाईसाहेब आरामात कपडे बदलतील. आणि तुमच्यासाठी पहिल्या रांगेत, मधोमध, कायमची खुर्ची! प्रत्येक प्रयोगाला. मानाची!”

“समोर?” ताईंनी विचारलं.

“अगदी समोर!”

घरी येऊन त्यांनी चहाला हात लावला नाही. किल्लीवाल्यांनी कानशीनं किल्ली घासता घासता विचारलं, “खुर्ची देतोय ना? मग तोंड का एवढंसं?”

“आजवर एक नाटक समोरून पाहिलं नाही मी,” ताई म्हणाल्या. “जे पाहिलं ते बाजूनं. राजाची पाठ, राणीचा कान. समोर बसतात ती पाहुणी माणसं, अहो. त्यानं मला पाहुणी केलं.”

किल्लीवाल्यांनी कानस खाली ठेवली. “मग?”

“मग काय. तालमीत एकदा बदल करून दाखवते म्हटलंय मी. जमला तर मध्यंतर नाही.”

“आणि हात?”

ताईंनी गार झालेला चहा उचलून आत नेला.

तालमीचा दिवस आला. घंटेचा आवाज झाला, बाईसाहेब डावीकडून आत आल्या, आणि उभ्याच राहिल्या. गुडघे टेकलेच नाहीत. ताई खाली वाट बघतायत की बाईसाहेब बसतील. बाईसाहेब वर वाट बघतायत की टाचणी हात उचलेल. दोघी अंधारात एकमेकींकडे नुसत्या बघतायत! शेवटी ताई स्टुलावर चढल्या, डाव्या हातानं झगा ओढला, तो मुकुटात अडकला, भिकारणीचा झगा एका बाहीत जाऊन बसला आणि दिवे उजळले. रंगमंचावर आली ती डोक्यावर मुकुट, एका खांद्यावर जरी आणि दुसऱ्यावर चिंध्या अशी मूर्ती.

समोरून मॅनेजरांचा क्षीण आवाज आला. “बाईसाहेब, ही… ही कुठली भिकारीण?”

“श्रीमंत आहे थोडी,” बाईसाहेब म्हणाल्या आणि मान ताठ ठेवून विंगेत परतल्या.

रंगपटाचं दार लागलं. आत दोघीच.

“तू हात का नाही उचललास?”

“तुम्ही खाली का नाही बसलात?”

बाईसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. म्हणजे आता फक्त पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेला असता. “गुडघे गेलेत माझे, टाचणे. बसले तर उठायला दोन माणसं लागतात. कुणाला बोललीस तर बघ.”

“माझा हात खांद्यापाशी थांबतो,” ताई म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही दुसरी कुणी बघाल.”

“मला वाटलं, तुला कळलं तर तू म्हणशील, बाई म्हातारी झाली.”

“ते तर मी केव्हाच म्हणते.”

“मेले, मला तोंडावर?”

“तोंडात टाचण्या असायच्या म्हणून कळलं नाही तुम्हाला.”

बाईसाहेब हसल्या तशा आरशाभोवतीचे दिवेही हलले असतील. ताईंनी वाकून जमिनीवर पडलेला भिकारणीचा झगा उचलला. पॅड जागच्या जागी राहिलं. मण्यांनी इमान राखलं. झगा त्यांनी छातीसमोर धरला, पाठीकडची बाजू बाईसाहेबांकडे करून, आणि त्या तशाच थांबल्या. वर्षभर कुणीतरी त्यांच्यासमोर असाच कपडा धरत आलं होतं. ताई, हात पुढे करा नुसते.

“बाईसाहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “हात पुढे करा नुसते.”

ज्या गाऊनला त्यांनी भरल्या वॉर्डात शिव्या घातल्या होत्या, तोच आता भिकारणीच्या अंगावर आला. ताईंनी झगा पाठीवर वरपासून खालपर्यंत चिरला. उघडी पाठ झाकायला एक फाटकी शाल खांद्याशी आधीच शिवून टाकली, ती मागे पडली की झालं. राणीचा झगा खांद्यावर आणि कडेला उसवून टिचबटणं लावली, ओढलं की वस्त्र पायाशी कोसळेल असं. मुकुट काढायचं काम बाईसाहेबांकडे दिलं, त्यांचे हात धडधाकट होते. आता कुणी गुडघे टेकायचे नव्हते, कुणी हात वर करायचा नव्हता. ताई स्टुलावर बसूनच कमरेच्या उंचीवर झगा धरणार आणि बाईसाहेब चालत चालत त्यात शिरणार, घरात शिरावं तसं.

पहिल्यांदा शाल तोंडावर आली. मग टिचबटण तुटलं. मग बाईसाहेब वेगानं येऊन ताईंसकट स्टूल घेऊन पुढे गेल्या. पण एके दुपारी मॅनेजर समोर बसले, दिवे मंदावले, त्यांनी खोकण्यासाठी तोंडावर रुमाल धरला आणि रुमाल खाली घेतला तर भिकारीण समोर उभी. त्यांनी परत खोकून पाहिलं. तीच.

“मध्यंतर रद्द,” ते म्हणाले. “पण ताई, ती खुर्ची? मी पाटी लावलीय हो तिच्यावर.”

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “माणूस आहे माझ्याकडे.”

म्हणून पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत, मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून किल्लीवाले बसले. इतकी वर्षं ते मागच्या दाराशी बायकोला न्यायला येत आले होते. आत काय चालतं ते आज प्रथमच बघत होते. शेजारी नणंद. ती अजूनही हळू आवाजात बोलत होती, पण थिएटरात ते शोभून दिसलं.

डाव्या विंगेत ताई स्टुलावर बसल्या. तोंड कधीच बरं झालं होतं. तरी आजवर त्यांनी धीर केला नव्हता. तिसरी घंटा झाली तसा त्यांनी टाचण्यांच्या उशीतून एकेक टाचणी काढली आणि ओठांत रांग लावली. थंड, ओळखीची चव. मग घंटेचा तो लांबचा आवाज आला, दिवे उतरले, अंधारातून पावलं आली. मुकुट गेला. राणी पायाशी कोसळली. ताईंनी झगा धरला. एक टिचबटण ऐन वेळी बसेना, तिथं ओठातली टाचणी गेली आणि बाईसाहेब पुढे निघून गेल्या. ताई स्टुलावर बसून होत्या. समोर नेहमीसारखाच, राणीचा कान. आता भिकारणीचा.

प्रयोग संपल्यावर किल्लीवाले मागच्या दाराशी आले, सवयीनं. ताई राणीच्या झग्याची घडी घालत होत्या.

“काय गं,” ते म्हणाले, “माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. राणी त्यांना फार आवडली. पण भिकारीण आली आणि ते सारखे नाटकाची पत्रिका चाळायला लागले. मला विचारतात, ‘अहो, ही दुसरी बाई कोण? नाव दिसत नाही कुठं.’ ”

ताईंचे हात थांबले.

“मी म्हटलं, नाव नाही छापत तिचं. पण मी ओळखतो. आमच्याच घरची आहे.”

ताईंनी टाचण्यांआडून काहीतरी म्हटलं. नणंदेला कळलं नाही. मॅनेजरांना कळलं नाही, ते उगीच “हो, हो” म्हणाले. किल्लीवाल्यांना कळलं. त्यांनी झग्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी पुरी केली, खांद्याच्या उंचीपर्यंतच.